बिनरंगाची पट्टी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सुऱ्यांच्या धंद्यातल्या गमती लिहा. वाचकांना मजा वाटली पाहिजे." मी हो म्हणालो. गमती आहेतही, त्या लिहीन. पण त्या गमतींच्या मधोमध एक गोष्ट अशी बसून आहे की तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आणि ती सांगायची म्हटलं तर मला ती अर्धीच माहीत आहे. काय झालं ते माहीत आहे, कशामुळे झालं ते माहीत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस खुलासा करायला बसला, तर त्याला निदान खुलासा कशाचा करायचा ते ठाऊक असावं. माझी पंचाईत तिथेच आहे.

आधी धंदा सांगतो. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चोवीस वर्षं होतो. यंत्रांना लागणारे साचे आणि पत्र्याला भोकं पाडणारे पंच जिथे बनतात ती टूलरूम. मग देशाची दारं उघडली, बाहेरून नवी यंत्रं आली, आमचं निम्मं काम बाहेर गेलं आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तिच्यात स्वेच्छा कोणाची होती ते आजवर कळलेलं नाही. मी सही केली आणि नाना पेठेत एक गाळा घेतला. एक करवत, दोन ग्राइंडर, एक ड्रिल. सुरुवातीला लहानसहान कारखानदारांचे पंच करून दिले. सुऱ्यांकडे वळलो तो शेजारच्या एका भटक्यामुळे. दर रविवारी गडावर जाणारा हा माणूस म्हणाला, चुलीसाठी पडलेलं वाळकं लाकूड फोडता येईल अशी सुरी करून द्या. कुऱ्हाड पाठीवर वाहून नेण्याचा कंटाळा आलाय. मी दिली. त्याने दहा जणांना सांगितलं. त्या दहांनी आणखी किती जणांना सांगितलं ते मी विचारलं नाही.

आता पोलादाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पोलाद जितकं कठीण तितकं चांगलं असं लोकांना वाटतं. चिक्की करणाऱ्या बाईला विचारा. पाक कडक झाला तर चिक्की खुटकन मोडते. पाक कच्चा राहिला तर ती वाकते आणि दाताला चिकटते. पोलादाचंही तसंच. कठीण पोलाद धार धरून ठेवतं, पण मोडतं. चिवट पोलाद घाव सोसतं, पीळ पडला तर केसभर वाकून परत येतं, पण धार लवकर सोडतं. स्वयंपाकघरातल्या सुरीला कांद्याशी झगडायचं असतं, तिथे कठीण चालेल. उघड्यावर लाकूड फोडणाऱ्या सुरीला गाठी लागतात, वरून दांडक्याचे ठोके बसतात, हिवाळ्यातल्या पहाटे ती गारठलेली असते. तिथे चिवटच हवं. धार गेली तर दगडावर घासून परत आणता येते.

हे मी टूलरूममध्ये शिकलो असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे मंडईत शिकलो. तिथे शेवंताबाई नावाच्या शहाळी विकणाऱ्या बाई होत्या. त्यांचा कोयता ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने काढलेला, काळाकुट्ट, दिसायला भंगार. मी एकदा हौसेने त्यांना नव्या पोलादाचा, आरशासारखा कोयता करून दिला. चार दिवसांनी गेलो तर त्या जुन्याच कोयत्याने शहाळं सोलत होत्या. माझा कोयता त्यांनी पोत्याखालून काढला. धारेला दोन खाचा पडल्या होत्या.

"मास्तर, हा तुमच्या घरी ठेवा," त्या म्हणाल्या. "पावणे आले की दाखवायला बरा आहे."

दुसरे एक सदाशिव पेठेतले गृहस्थ. विळी घेऊन आले. म्हणाले, पुन्हा धार लावायला लागू नये असं काहीतरी करा, एकदाच काय ते. त्यांच्या आग्रहाखातर तिचं पातं असं कठीण केलं की कानस तिच्यावरून घसरावी. दोन वर्षांनी विळी परत आली. आता हिला कोणीच धार लावू शकत नाही, अशी तक्रार. मी म्हटलं, आपणच म्हणाला होतात, पुन्हा लावायला लागू नये.

"हो. पण ती जाणारही नाही असं मी गृहीत धरलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "आपण तसं लेखी दिलं नव्हतं, ही माझी चूक."

पुढे काळ बदलला. पूर्वी बाजारात दोन-तीन प्रकारचं पोलाद मिळायचं, त्यामुळे निवडताना फारसं चुकायला वाव नव्हता. आता बंदरातून काय काय यायला लागलं. जर्मन, जपानी, कुठलंही. खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथली मुलं शनिवारी मोटारसायकलवरून माझ्या गाळ्यात यायला लागली. हातात इंटरनेटवरून छापून आणलेले कागद. पूर्वी गिऱ्हाईक माझं ऐकायचं, आता ते मला वाचून दाखवायचं. पोलादाचा कठीणपणा मोजायचं एक यंत्र असतं, ते आकडा देतं. त्या मुलांना तो आकडा पाठ असे. "काका, अठ्ठावन्नच्या खाली नको." "माझ्या मित्राची बासष्ट आहे." दहावीच्या मार्कांसारखं चाललेलं असायचं. चिवटपणाचा आकडा कुठल्याच कागदावर नसायचा, म्हणून तो कोणी मागायचा नाही. मीही गोंधळत गेलो. एवढी शिकलेली मुलं सांगतात तर असेलही, असं म्हणून हे आण, ते आण करत बसलो. रॅकवर वेगवेगळ्या पोलादाच्या इतक्या पट्ट्या जमल्या की कोणती कशाला घेतली होती ते मलाच आठवेना.

पट्ट्या ओळखायची एक रीत आहे. दिसायला सगळ्या सारख्याच, करड्या. म्हणून दुकानदार पट्टीच्या एका टोकाला रंग लावून देतो. आमच्या दुकानदाराकडे कमानीच्या चिवट पोलादाला पिवळा आणि बेअरिंगच्या कठीण पोलादाला निळा. यातून एक नियम निघतो, टूलरूममधल्या प्रत्येक नव्या माणसाला मी तो पहिल्या दिवशी शिकवत असे. पट्टी कापायची ती नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून. रंगीत टोक अगदी शेवटपर्यंत शिल्लक ठेवायचं. ते कापलंत तर उरलेल्या पट्टीला नाव राहत नाही.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. सुरी घासून तयार झाली तरी ती मऊच असते. ती भट्टीत लालबुंद तापवून एकदम थंड करतात, म्हणजे ती कठीण होते. याला पाणी देणं म्हणतात, जरी बुडवतात तेलात. मग पुन्हा हलकेच तापवून थोडा कठीणपणा उतरवतात, म्हणजे चिवटपणा येतो. हे काम मी स्वतः करत नव्हतो. गंज पेठेत युसुफभाईंची भट्टी होती. वडिलांपासून चालत आलेली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी. भट्टीच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाट लावलेलं असायचं, कारण तापलेल्या पोलादाचा खरा रंग अंधारातच दिसतो. ते मापयंत्र बाळगून होते, पण त्याच्याकडे बघताना मी त्यांना पाहिलं नाही. जांभळासारखा, चेरीसारखा, गाजरासारखा असे लाल रंगाचे बारीक भेद त्यांच्या डोळ्यांत होते, आणि त्या भेदांवर पुण्यातले निम्मे साचे चालत होते.

माल हातात घेतला की युसुफभाई एकच प्रश्न विचारत. "काय माल आहे?" कारण प्रत्येक पोलादाला आच वेगळी लागते. कमानीच्या पोलादाला दिलेली आच बेअरिंगच्या पोलादाला सोसत नाही, त्याच्या आतला दाणा फुगतो आणि ते ठिसूळ होतं. तुम्ही जे सांगाल त्यावर ते विश्वास ठेवत. धंद्याची रीतच तशी. भट्टीवाल्याने पोलाद ओळखायचं नसतं, आणणाऱ्याने सांगायचं असतं.

तर खराडीच्या एका कंपनीतला अभिजित नावाचा मुलगा आला. त्यांचा दहा-बारा जणांचा गट होता. शनिवार-रविवार मावळात एका मित्राच्या शेतावर तंबू ठोकायचे आणि उघड्यावर सुतारकाम करायचे. बाक, चमचे, खुंट्या, सगळं हाताने. त्याला बारा सुऱ्या हव्या होत्या आणि अर्थात आकडा साठच्या वर. मी त्या दिवशी फॉर्मात होतो. त्याला शेवंताबाईंचा कोयता सांगितला, चिक्की सांगितली, आणि तासाभराने तो कमानीच्या पोलादाला तयार झाला. आकडा चोपन्न. जाताना म्हणाला, "काका, तुम्ही बोलताय ते लॉजिकल आहे." एवढ्या वर्षांत आकड्याच्या नादी लागलेल्या कोणाला मी योग्य पोलादावर आणलं असेल तर या मुलाला. हे मुद्दाम लिहितो, कारण यानंतर माझ्या बाजूने लिहिण्यासारखं काही नाही.

पिवळ्या टोकाच्या पट्टीतून दहा सुऱ्या निघाल्या. दोन कमी पडल्या. दुकानदाराकडे माल यायला आठवडा होता. रॅकवर हातभर लांबीचा एक तुकडा पडला होता, तेवढ्याच रुंदीचा आणि जाडीचा. दोन्ही टोकांना रंग नव्हता. रंग कोणी कापला असेल, हे विचारायची गरज नव्हती. गाळ्यात माझ्याशिवाय करवत चालवणारं कोणी नव्हतं. गाळा लहान, पट्टी लांब, ती उलटी फिरवायची तर रस्त्यावर जावं लागे. कधीतरी घाईत रंगीत टोक करवतीकडे होतं, तेच कापलं असणार. नियम शिकवणाऱ्या माणसानेच.

पोलाद ओळखायला ठिणगी पाहतात. पट्टी ग्राइंडरला लावली की ठिणग्या उडतात आणि त्यांच्या फुटण्यावरून जात कळते. बेअरिंगच्या पोलादाची ठिणगी जास्त फुलते, कमानीच्या पोलादाची कमी. हा फरक सावलीत, निवांतपणे, शेजारी ओळखीचा तुकडा लावून पाहायचा असतो. मी शटर उघडं असताना, ऊन आत आलेलं असताना, उभ्या उभ्या पाहिला. युसुफभाई दुसऱ्या दिवशी भट्टी लावणार होते आणि पुढचे दहा दिवस ते नात्यातल्या लग्नाला सोलापूरला जाणार होते. मला ते कमानीचं पोलाद हवं होतं, म्हणून मला ठिणगी कमी फुललेली दिसली. कदाचित ती खरोखरच कमी फुलली असेल. मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बारा सुऱ्या घेऊन गेलो. युसुफभाईंनी विचारलं, काय माल आहे. मी म्हणालो, "कमानीचा. सगळा एकच." त्यावर त्यांनी "सगळा?" असं विचारलं होतं का, हे मी गेली कित्येक वर्षं आठवतो आहे. कधी वाटतं विचारलं होतं, आणि माझ्याकडे बघून विचारलं होतं. कधी वाटतं, तो प्रश्न नंतर मीच स्वतःला टोचायला जोडून घेतला.

पाच-सहा महिन्यांनी अभिजितचा फोन आला. सुरी मोडली होती. बाभळीचा ओंडका फोडताना ऋचा नावाच्या मुलीने सुरीच्या पाठीवर दांडक्याने ठोका मारला, पातं मध्येच तुटलं आणि पुढचा तुकडा उडून तिच्या डाव्या हातात घुसला. अंगठ्याची शीर तुटली. नगर रस्त्यावरच्या एका दवाखान्यात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

मी स्कूटरवरून गेलो. वॉर्डाच्या दाराशी अभिजितने कागदात गुंडाळलेला तुटका तुकडा माझ्या हातात दिला. मोडलेलं पोलाद कापल्या पेरूसारखं असतं, आत काय आहे ते दाखवतं. दाणा जाड, साखरेसारखा चमकणारा असला तर आच चुकली. बारीक, राखेसारखा असला तर वेगळं कारण शोधायचं. जाणकाराने एकदा पाहिलं की पुरे. मी कागद उघडला नाही. तसाच खिशात घातला.

ऋचा उशीला टेकून बसली होती. हात फळीला बांधलेला. पंचविशीतली मुलगी, मला बघून तीच अवघडली.

"काका, मी फार जोरात मारलं का?"

खरं उत्तर 'मला माहीत नाही' असं होतं. पण ती पोरगी स्वतःला दोष देत होती आणि मला ते बघवेना. म्हणून मी म्हणालो, "नाही गं बाई. तुझं काही चुकलं नाही. पाणी देताना चूक झाली."

मागे अभिजित उभा होता. "कोणी दिलं होतं पाणी?"

आणि मी युसुफभाईंचं नाव सांगितलं.

मला आज या दोन वाक्यांचा हिशेब लागत नाही. पहिलं मी दयेपोटी बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. मग दुसरं कशापोटी बोललो? त्याच श्वासात बोललो, एवढं खरं. विचार करून खोटं बोलणारा माणूस मी नव्हे, असं माझं माझ्याबद्दल मत होतं. विचार न करता बोललेलं खोटं जास्त वाईट की कमी, हे मी ठरवू शकलेलो नाही.

अभिजितने भटकंती करणाऱ्यांच्या ई-मेलच्या गटावर सविस्तर लिहिलं. इतरांनी सावध राहावं म्हणून, चांगल्या हेतूने. त्यात सुरी कुठे बनली याचा उल्लेख 'एक अनुभवी कारागीर' असा होता आणि पाणी कोणी दिलं याचा उल्लेख पूर्ण नावानिशी, गंज पेठेसकट होता. त्याने ते मला छापून आणून दाखवलं. "काका, तुमचं नाव नाही टाकलं, तुम्ही ऑनेस्टली सांगितलंत म्हणून." मी ते वाचलं आणि कागद परत दिला.

युसुफभाई इंटरनेट पाहणारे नव्हते, पण आठवड्याभरात बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. ते गाळ्यावर आले. भांडायला आले नव्हते. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "भालेरावसाहेब, तुकडा दाखवा."

तुकडा बाहेर उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत होता, वीस पावलांवर.

"त्या मुलांनीच ठेवून घेतला," मी म्हणालो.

 "आच बरोबर होती, असं मला वाटतं," ते म्हणाले. मग "वाटतं" हाच शब्द पुन्हा एकदा, जरा हळू म्हणाले आणि उठून गेले. त्या संध्याकाळी घरी जाताना मी लकडी पुलावर स्कूटर थांबवली आणि तो कागद न उघडता मुठा नदीत टाकला.

उरलेल्या अकरा सुऱ्या अभिजितने एका पिशवीत आणून दिल्या, कोणी वापरायला नको म्हणून. त्या अकरांत दहा एका पोलादाच्या होत्या आणि एक दुसऱ्या, की नऊ एका आणि दोन दुसऱ्या, की सगळ्या एकाच, हे मला सावलीत ग्राइंडरवर दहा मिनिटांत कळलं असतं. मोडलेली सुरी कुठल्या पट्टीची, याचा छडा तिथेच लागला असता. ती पिशवी माझ्या टेबलाखाली महिनाभर होती. मग मी ती भंगारवाल्याला दिली.

बोललेलं खोटं टिकवायला पुढची कामंही तशीच करावी लागतात. चूक पाणी देण्यात होती असं सांगितल्यावर मी पुन्हा त्यांच्याचकडे माल कसा नेणार? मी भोसरीतल्या एका नव्या, संगणकावर चालणाऱ्या भट्टीकडे जायला लागलो. माझं बघून आणखी दोघे-तिघे गेले. वर्षभरात युसुफभाईंनी भट्टी बंद केली. सगळे म्हणाले, काळ बदलला, आता नवीन भट्ट्या आल्या, जुन्या माणसांचं काय चालणार. मीही म्हणालो. इतक्यांदा म्हणालो की मला ते पटलं. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीला, माझा आवाज जरा खाली जायचा. पत्नीने एकदा विचारलं, घसा बसलाय का. मी हो म्हणालो. म्हणजे तिथेही खोटंच.

ऋचाचा अंगठा पूर्ण वाकत नाही. ती आता परदेशात असते. मला तिने कधी दोष दिला नाही. तिच्या लेखी मी खरं सांगणारा म्हातारा आहे.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या मे महिन्यात मंडईत एका बाईंनी मला हाक मारली. युसुफभाईंची मुलगी नसीम. शाळेत शिक्षिका आहे, वडील तिच्याकडे कोंढव्यात असतात. ती आंबे निवडत होती. मी वडिलांची चौकशी केली. तब्येत ठीक आहे म्हणाली, डोळेही चांगले आहेत, डॉक्टरांनी दोनदा तपासले.

"पण अब्बांना पटत नाही. आंबा पिकलाय का तेसुद्धा मलाच बघायला लावतात. म्हणतात, माझी नजर गेली म्हणून त्या मुलीचा अंगठा गेला."

मी तिच्या हातातल्या आंब्याकडे बघत उभा राहिलो. भट्टी नव्या यंत्रांमुळे बंद झाली, असं मी स्वतःला पटवलं होतं. माझ्या बोलण्याने त्यांचं नाव गेलं हे मला ठाऊक होतं, आणि त्याची मी सवय करून घेतली होती. त्यांनी माझं बोलणं खरं मानलं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही.

पुढच्या आठवड्यात कोंढव्याला गेलो. युसुफभाई गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. रंग कापल्याचं, उन्हात पाहिलेली ठिणगी, "सगळा एकच" म्हटल्याचं, डिकी, पूल, पिशवी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. 

मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा सुटल्यासारखे होतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

"दहा तर बरोबर होत्या ना?" त्यांनी विचारलं.

"दहा बरोबर होत्या."

"मोडली ती दहातली की दोनातली?"

"माहीत नाही."

"मोड कशी होती? दाणा?"

"मी पाहिला नाही, युसुफभाई."

"मग माझी चूक नव्हती, हे तुम्हाला कसं कळलं?"

 मी एवढंच म्हणालो, की तुमची चूक होती हेही मला कळलेलं नव्हतं आणि तरी मी तसं सांगितलं. ते म्हणाले, हां, हे बरोबर आहे. मग हात पुढे करून त्यांनी स्वतःची बोटं पाहिली, उलटसुलट. तुकडा असता तर आत्ता सांगितलं असतं मी, म्हणाले. तेवढं दिसतं अजून. हे बोलताना आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. नसीम दारात उभी होती, तिच्या आलं असावं, कारण ती आत निघून गेली.

मी म्हणालो, हे मी दिवाळी अंकात लिहिणार आहे. तुमचं नाव बदलून लिहीन, कोणाला कळणार नाही.

"ई-मेलमध्ये बदललं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग लिहा. पूर्ण लिहा. वडिलांचंही लिहा, भट्टी त्यांची होती."

म्हणून लिहितो. गंज पेठेतले भट्टीवाले युसुफ सुलतान शेख यांनी त्या सुरीला चुकीचं पाणी दिलं, असं मी सांगितलं. सांगताना माझ्याकडे त्याचा पुरावा नव्हता. जो होता तो मी आधी लपवला आणि मग पाण्यात टाकला. माल कोणता, हे त्यांनी विचारलं तेव्हा बारापैकी दोन सुऱ्यांबद्दल मला ठाऊक नसताना मी ठाऊक असल्यासारखं उत्तर दिलं. ते ई-मेल ज्यांनी वाचलं त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं पुढे कळवावं. सुरी कशामुळे मोडली, हे मात्र मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.